बादली किती वेळ उभी होती

४ जानेवारी

मामा, नमस्कार.

पत्र पेन्सिलीत आहे. आधी माफी मागते, मग दोष कुणाचा ते सांगते.

आमच्या दफ्तरखान्यात एक तारखेपासून शाई बंद झाली. जुन्या कागदांवर डाग पडू नयेत म्हणून फक्त पेन्सिली वापराव्यात, असं परिपत्रक निघालं. याला कुणी नाही म्हणणार नाही. पण पेन्सिलीला टोक काढावं लागतं हे परिपत्रक काढणाऱ्याच्या लक्षात आलं नव्हतं. लक्षात आलं तेव्हा तीन मजले आणि एक तळघर मिळून एक शार्पनर मागवण्यात आला. तो साहेबांच्या खोलीत, टेबलाच्या पायाला साखळीने बांधलेला आहे. पेन्सिल बोथट झाली की तळघरातून चव्वेचाळीस पायऱ्या चढायच्या, बाहेरच्या बाकावर बसायचं, आतून हाक आली की टोक काढायचं. साहेब फोनवर असले तर टोकाने थांबायचं. काल मी सहा वेळा चढले. शेवटच्या खेपेला शिपाई म्हणाला, "बाई, तुम्ही फार लिहिता." सव्वीस वर्षांच्या नोकरीत माझ्या कामाची एवढी थेट दखल आजवर कुणी घेतली नव्हती.

मी काय काम करते हे तुम्ही दर भेटीत विचारता आणि उत्तर पुरं व्हायच्या आत घोरायला लागता. आता पत्रात सांगते, घोरलात तरी मला ऐकू येणार नाही. तळघरात जुन्या जहाजांची लॉगबुकं आहेत. दर पाळीला अधिकाऱ्याने लिहिलेलं: वारा कुठून, आभाळ कसं, हवेचा दाब किती, समुद्राच्या पाण्याचं तापमान किती. लिहिणाऱ्यांना वाटलं असेल, बंदर आलं की संपलं. पण आता हवामानाचा अभ्यास करणाऱ्यांना तेच हवंय. भर समुद्रात तेव्हा दुसरं होतं कोण मोजायला? मी एकेका पाळीचे आकडे तक्त्यात उतरवते, वरच्या मजल्यावर ते संगणकात जातात. नियम एकच, लिहिलंय तेच उतरवायचं. 'इथे गडी चुकला असावा' असं मनात आलं तर ते मनातच ठेवायचं.

सध्या हातात तुमचं जहाज आहे. तुमची अकरा वर्षं. सातचा आकडा अजून तसाच, कोयत्यासारखा. बघून बरं वाटलं.

सहज म्हणून विचारते, दुपारी चारला, पाळी संपताना, तुम्ही पाण्याचं तापमान घ्यायचात ना? ते नेमकं कसं? बादली वर आल्यापासून थर्मामीटर वाचेपर्यंत साधारण किती वेळ जायचा? घाई नाही. पण लवकर कळवा.

वहिनीला सांगा, तिच्या गुडघ्याचं विचारलंय.

तुमची,
मुंगी


१२ जानेवारी

मुंगे,

पत्र भिंग लावून वाचलं. तुझ्या साहेबाला सांग, पेन्सिल समुद्रावरही चालायची. ओल्या हाताने शाई पसरते म्हणून कच्ची नोंद आम्ही पेन्सिलीतच करायचो, आणि टोक चाकूने काढायचो. चाकूला साखळी लागत नाही.

तू विचारलंस म्हणून सांगतो. बादली जाड कॅनव्हासची, तळाला शिशाचं कडं, नाहीतर ती पाण्यावर बदकासारखी तरंगत बसते. जहाजाच्या पुढच्या बाजूने फेकायची, कारण मागे इंजिनाचं कोमट पाणी पडतं. पहिली बादली ओतून टाकायची. दुसरी भरून वर घ्यायची. जहाज पळत असतं, दोर हाताला असा हिसका देतो की नवशिका बादलीसकट समुद्रदर्शनाला जातो. मग थर्मामीटर बुडवून ढवळायचा आणि बुडालेला असतानाच वाचायचा. बाहेर काढून वाचणारे गाढव असतात. मी अशा दोन गाढवांना शिकवलं आहे.

किती वेळ म्हणशील तर लगेच. बादली वर, थर्मामीटर आत, आकडा वहीत. अकरा वर्षांत माझ्या पाळीत एक खाडाखोड दाखव, मिशी उतरवतो.

पण मुंगे, हे सगळं का विचारलं जातंय ते कळण्याइतका मी म्हातारा झालो आहे. मागे तुझ्या कचेरीने जुन्या खलाशांचा सत्कार केला होता, त्यात इंजिनवाल्यांनाही बोलावलं होतं, ज्यांनी समुद्र फक्त जेवायला वर आल्यावर पाहिला. आता आमची आठवण झालेली दिसते. सत्कार असेल तर पंधरा दिवस आधी कळव. कोटाला कसर लागली आहे. सूनबाई म्हणते भोक बाहीला आहे, हात खाली ठेवला तर दिसत नाही. पण सत्कारात हात वर करावा लागतो.

आणि थर्मामीटरवरून आठवलं. पितळी नळीतला माझा जहाजी थर्मामीटर तुमच्या घरी फुटला, तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. माझा पाय प्लास्टरमध्ये होता म्हणून मी चार महिने तुमच्याकडे पडून होतो. वाऱ्याने खिडकी आपटली आणि तो पडला, असं तू सांगितलंस. मी तेव्हाही रोजची डायरी लिहायचो. त्या दिवसाची नोंद आहे: वारा नाही, पान हलत नाही.

बेचाळीस वर्षं झाली. मी फक्त नोंद सांगितली.

मामा


१९ जानेवारी

मामा,

सत्कार नाही. कोट राहू दे.

ताकाला जाऊन भांडं लपवलं, हे माझं चुकलं. आता भांडं पुढे ठेवते.

हवामानखात्याच्या एक बाई आमच्या आकड्यांवर काम करतात. चष्मा कपाळावर आणि शोधतात टेबलावर, पण आकड्यांच्या बाबतीत डोळ्यात तेल. त्यांनी तुमच्या जहाजाची सकाळी आठची आणि दुपारी चारची तापमानं शेजारी ठेवली. दिवसभर ऊन खाऊन पाणी दुपारी सकाळपेक्षा थोडं तरी उबदार हवं, निदान तेवढंच हवं. तुमच्या जहाजावर दुपारचं पाणी अर्ध्या अंशाहून जास्त थंड आहे. एक दिवस नाही, एक महिना नाही. अकरा वर्षं. जिथून जहाज गेलं तिथून समुद्र उलटा चालला.

बाई म्हणाल्या, "बादली उभी राहत असणार. ओल्या कॅनव्हासला वारा लागला की पाणी गार होतं, माठाचं होतं तसं."

त्यांना नावाशी घेणंदेणं नव्हतं. पण मधले चार महिने फरक नाहीसा होतो आणि परत येतो. ते महिने कुठले हे मी न विचारता सांगू शकले असते, कारण त्या महिन्यांत दुपारी चारची पाळी लिहिणारा माणूस आमच्या पुढच्या खोलीत पाय वर टांगून माझ्याकडून पाढे म्हणवून घेत होता.

अर्ध्या अंशाने काय होतं असं म्हणू नका. समुद्र किती तापला याचं सगळं भांडण अर्ध्या-अर्ध्या अंशाचंच आहे.

एवढंच असतं तर मी गप्प बसले असते. पण आमच्या तळघराचं 'अभ्यागत कक्षा'त रूपांतर होणार आहे. सोफे येणार, भिंतीवर जहाजांची चित्रं लागणार. चित्रांना जागा करायची म्हणून खरी लॉगबुकं हलवायची. त्यासाठी समिती नेमली आहे आणि समितीच्या फॉर्मवर दोन चौकोन आहेत: विश्वसनीय आणि अविश्वसनीय. पहिली वर जाणार, दुसरी लगद्याला. तुमच्या जहाजाच्या त्रेचाळीस वह्यांपुढे साहेबांनी दुसऱ्या चौकोनात बरोबरची खूण केली आहे. एका अधिकाऱ्याचे आकडे खोटे, मग बाकीच्यांचे खरे कशावरून? मी म्हटलं, "साहेब, एक दात किडला म्हणून कुणी जबडा काढत नाही." ते म्हणाले, "बाई, भावनिक होऊ नका."

दक्षिणेकडच्या त्या मोकळ्या पट्ट्यातून अकरा वर्षं तुमच्या जहाजाखेरीज कुणीच जात नव्हतं. वह्या गेल्या तर तेवढा समुद्र तेवढी वर्षं झालाच नाही, असं होईल.

म्हणून पुन्हा विचारते, आणि या वेळी 'सहज' नाही. बादली किती वेळ उभी असायची, मामा? आणि का?

मुंगी


२३ जानेवारी
(पोस्टकार्ड)

माझ्या पाळीवर बोट ठेवायचं नाही. तुझ्या बाईंनी आधी एकदा पन्नास फुटांवरून बादली ओढून दाखवावी. मी 'लगेच' लिहिलं म्हणजे लगेच. वह्या लगद्याला घालायच्या तर घाला, समुद्राला तुमच्या कचेरीचं सर्टिफिकेट लागत नाही. यापुढे या विषयावर पत्र आलं तर उघडणार नाही.

पाढे तेव्हाही तुझे कच्चेच होते.


१० फेब्रुवारी

मामा,

उघडणार नाही म्हणालात, म्हणून पाकिटावर वहिनीचं नाव घातलंय. ती उघडेल आणि मोठ्याने वाचेल. तुम्ही पेपर तोंडासमोर धरून ऐकणार नाही, हे मला माहीत आहे. कान पेपरच्या बाहेर राहतात.

विनवायला लिहीत नाही. इकडची बातमी देते.

वह्या लगद्याला पाठवायच्या तर 'निकाली नोंदवही'त दफ्तर सांभाळणाऱ्याची सही लागते, म्हणजे माझी. सोमवारी साहेब स्वतः तळघरात आले. गेल्या वर्षी पूर आला तेव्हाही आले नव्हते. म्हणाले, "सही करा." मी म्हटलं, "हो. पेन?" ते खिशाकडे हात नेतात तोच मी भिंतीवरचा बोर्ड दाखवला. दफ्तरात शाई आणू नये, त्यांच्याच सहीचा. म्हणाले, "मग पेन्सिलीने करा." मी नोंदवहीचं पहिलं पान उघडलं: सही शाईनेच ग्राह्य. "मग वही माझ्या खोलीत आणा." मी आतलं कव्हर दाखवलं: ही वही दफ्तराबाहेर नेता येणार नाही. तिन्ही नियम साहेबांनीच काढलेत, एका आठवड्यात, आणि त्यातला कुठलाही बदलायचा तर समितीच बसावी लागते. समिती बसते महिन्याच्या एक तारखेला.

साहेबांनी बोर्ड पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाले, "तुम्ही सही करायला नकार देताय?" मी म्हटलं, "छे! मी तर कधीची तयार आहे. नियम मोडायला नकार देतेय."

मंगळवारी मेमो आला, 'असहकाराची वृत्ती' वगैरे. खुलासा सुवाच्य पेन्सिलीत दिला. ज्या शार्पनरला मी महिनाभर शिव्या घातल्या त्याला आता मनातल्या मनात दंडवत घालते.

पण हे एक मार्चपर्यंतच. त्या दिवशी नियम बदलतील आणि पेन हातात देतील. तेव्हा नाही म्हणायला माझ्याकडे कारण हवं, नुसता हट्ट पुरणार नाही.

हवामानवाल्या बाईंना मी तुमचं पोस्टकार्ड दाखवलं. (रागावा.) त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मला निर्दोष माणूस नकोय हो. चूक किती ते माहीत असलं की ती वजा करता येते. माहीत नसलं की अख्खा माणूसच वजा करावा लागतो."

अजून एक गोष्ट त्यांनी शोधून काढली. तुमच्या जहाजाला अकरा वर्षांत सात मोठी वादळं लागली. त्या सातही दिवसांत दुपारी चारचा तुमचा आकडा केसभरही ढळलेला नाही. सकाळशी चोख जुळतो. वादळात बरोबर आणि शांत दिवशी चूक, असा अधिकारी त्यांनी पाहिला नाही.

शांत दिवशी चार वाजता असं काय व्हायचं, मामा, जे वादळात होत नव्हतं?

मुंगी


१७ फेब्रुवारी

ताई,

घाईत लिहितेय. तुमचं पत्र मी वाचून दाखवलं. बाबांनी पेपर खाली ठेवला नाही, पण पानही उलटलं नाही. शेवटचं वाक्य संपलं आणि म्हणाले, "चहा टाक." मी टाकला. तो समोर ठेवून बघत बसले. प्यायले नाहीत. गार झाल्यावर म्हणाले, "अकरा मिनिटं."

दुसऱ्या दिवशी माळ्यावरच्या आरामखुर्चीचं कापड गायब. त्याची बादली शिवून झाली. आता रोज दुपारी धक्क्यावर जातात आणि ती पाण्यात फेकतात. एकोणऐंशीव्या वर्षी! पहिल्या दिवशी मासळीवाल्या धावल्या, त्यांना वाटलं म्हातारा जीव देतोय. मी म्हटलं, "बाबा, लोक हसतात." तर म्हणे, "हसू देत, वाऱ्याची दिशा कळते."

आणि मला रोज चार वाजता उकळता चहा घेऊन धक्क्यावर बोलावलंय. गार चालत नाही. एकदा थर्मासमधून नेला तर परत पाठवला, म्हणे प्रयोग बिघडतो. गुडघ्याचं तुम्ही विचारलं होतंत. तो धक्क्यावर जाऊन येऊन चांगला झालाय, पण हे त्यांना सांगू नका.

हे नेमकं काय चाललंय, तुम्हाला तरी माहीत आहे का?

वहिनी


२४ फेब्रुवारी

मुंगे,

सोबत एक कागद आहे, तो तुझ्या समितीसाठी. हे पत्र तुझ्यासाठी.

आमच्या जहाजावर आचारी बरोबर चारला चहा पाठवायचा. मोठा मग, उकळता, वर साय धरायच्या आत. पाळी उतरतानाचा चहा म्हणजे काय हे कचेरीतल्या माणसाला कळायचं नाही. तुमच्याकडे चहा काम टाळायला पितात. बादली वर यायची आणि मगही यायचा, दोन्ही एकाच वेळी. आणि मी असा हिशेब केला होता की चहा गार होतो, समुद्र काही गार होत नाही. म्हणून बादली कठड्याला अडकवायचो, चहा संपवायचो, मग थर्मामीटर. अकरा वर्षं. आकडा जो दिसला तोच लिहिला, बनवून एकही नाही. पण पाणी थांबलं होतं ते लिहिलं नाही. विचारलंच नव्हतं कुणी.

वादळात चहा नसायचा. चहाचा मग कठड्याशी टिकत नाही.

तू विचारलंस तेव्हा 'लगेच' लिहिलं. लिहिताना बोट अडखळलंही नाही. स्वतःला इतकी वर्षं तेच सांगितलं होतं.

आता नुसतं 'चुकलो' म्हणून तुझ्या बाईंचं भागायचं नाही, किती चुकलो ते हवं. म्हणून मोजलं. थर्मामीटर तुझ्या कृपेने नाही. शेजारच्याने मासे पाळलेत, त्याचा आणला, तर त्यावर आकड्यांऐवजी माशांची चित्रं निघाली, हसरा मासा आणि रडका मासा. परत केला. मग शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंकडे गेलो. त्यांचा चांगला होता, अंशाचे दहा भाग दाखवणारा, पण त्या तो हातातून सोडेनात. म्हणून त्याही रोज धक्क्यावर आल्या. सूनबाई चहा घेऊन, त्या थर्मामीटर घेऊन, मी बादली घेऊन. बाजारभर वरात.

नऊ दिवस मोजलं. बादली वर आली की एकदा, चहा संपला की एकदा. धक्का बुटका आहे आणि जहाजासारखा पळत नाही, म्हणून मुद्दाम टोकाला, वाऱ्यावर उभा राहिलो. मंद वाऱ्यात तीन दशांश उतरतं. चांगल्या वाऱ्यात सहा, एकदा सात. वारा नव्हता त्या दिवशी जवळपास काहीच नाही. जहाजावर वारा नाही असा दिवस नसतो, जहाजच वारा करतं.

हे नऊ दिवस मी दोराशी काढले. तळव्याला फोड आले. मजा आली, हे समितीला सांगू नकोस.

मामा

(सोबतचा कागद)

मी, समितीपुढच्या त्रेचाळीस वह्यांच्या जहाजाचा तत्कालीन दुय्यम अधिकारी, लिहून देतो की अकरा वर्षं दुपारी चारच्या पाण्याचं तापमान बादली वर आल्यानंतर सुमारे अकरा मिनिटांनी घेतलं आहे. कारण: चहा. अपवाद: वादळं सात, आणि मी रजेवर होतो ते चार महिने. त्या विलंबाने पाणी किती गार होतं याचा नऊ दिवसांचा तक्ता मागे आहे. साक्षीदार दोन, दोघींच्या सह्या आहेत. इतर पाळ्यांच्या अधिकाऱ्यांचा माझ्या चहाशी संबंध नाही. त्यांच्या नोंदी माझ्या नावाने फेकून देणं हा अन्याय होईल, आणि समितीतल्या कुणाला शंका असेल तर त्याने धक्क्यावर यावं. बादली तयार आहे.

सही शाईने केली आहे.


४ मार्च

मामा,

पत्र शाईत आहे. कारण शेवटी सांगते.

नोंदवही दफ्तराबाहेर नेता येत नाही, म्हणून समिती तळघरात बसली. पाच माणसं, सोफे अजून आले नव्हते म्हणून खोक्यांवर. साहेबांनी आधी शाईचा नियम उठवायला घेतला. मी म्हटलं, "त्याआधी एक कागद आवक झालाय, तो वाचणं भाग आहे." आणि उभी राहून वाचला. 'कारण: चहा' इथे एक सदस्य खोकला. 'बादली तयार आहे' इथे कुणी खोकलं नाही.

साहेब म्हणाले, "म्हणजे अधिकाऱ्याने कबूलच केलंय. अविश्वसनीय."

हवामानवाल्या बाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. "साहेब, या तळघरात दोनशे जहाजांच्या वह्या आहेत. तुम्ही ज्यांना विश्वसनीय म्हणता त्यांतल्या एकाचीही बादली किती वेळ उभी होती, मला माहीत नाही. सगळे 'लगेच'वाले. हे एकच जहाज आहे ज्याचं मला मिनिटासकट माहीत आहे. लगदाच करायचा असेल तर बाकीच्या एकशे नव्व्याण्णवांपासून सुरुवात करा."

मग सगळ्यात म्हातारे सदस्य म्हणाले, "फॉर्मला तिसरा चौकोन का नाही?" साहेबांचा हात खिशाकडे गेला. मी बोर्डाकडे नुसतं पाहिलं. नियम अजून उठला नव्हता. तेव्हा तिसरा चौकोन साहेबांनी स्वतःच्या हाताने, पट्टी लावून, पेन्सिलीने आखला. टोक मोडलं. त्यांना चव्वेचाळीस पायऱ्या चढून वर जावं लागलं. मी खाली बसून वाट पाहिली. सव्वीस वर्षांत इतका आरामात बसल्याचं आठवत नाही.

चौकोनात लिहिलंय: 'दुरुस्तीसह ग्राह्य'. त्रेचाळीसही वह्या राहिल्या. तुमचा कागद पहिल्या वहीच्या आत, तक्त्यासकट. पुढे जो कुणी ती उघडेल त्याला समुद्राआधी तुमचा चहा भेटेल.

अभ्यागत कक्ष होणारच आहे, अर्ध्या तळघरात. आणि माझी बदली झाली आहे, पुढच्या दाराच्या खिडकीत, अभ्यागतांची तिकिटं फाडायला. आठवड्यातून दोन दिवस खाली. मेमोत 'प्रशासकीय सोयीसाठी' असं आहे. सोय कुणाची ते लिहिलेलं नाही. खिडकीला नियम एकच आहे, हसतमुख राहावं. ते माझ्याने व्हायचं नाही, हे मी पहिल्याच दिवशी लेखी कळवलं. तिथे शाईला बंदी नाही.

खिडकीसमोर रस्त्यापलीकडे जुन्या जहाजी सामानाचा एक दुकानदार आहे. त्याच्याकडून एक वस्तू घेतली, ती पार्सलने वेगळी पाठवली आहे. कापूस हळू काढा, पितळी नळीला एक पोचा आहे पण काच चांगली आहे.

त्या दिवसाची तुमची डायरीतली नोंद बरोबर आहे. वारा नव्हता. खिडकी बंद होती. आईने तुमच्यासाठी केलेला चहा स्टुलावर होता आणि त्याला किती ताप आहे ते मला बघायचं होतं.

हाही चाळीस अंशांपर्यंतचाच आहे. चहात घालू नका.

मुंगी